ईबीव्हीचा स्ट्रेन शोधून मुलाच्या तब्येतीत काय बदलणार?

ताई, उत्तर आधी देतो, कारणं नंतर. मुलाच्या रक्तातल्या ईबीव्हीचा, म्हणजे एपस्टीन-बार विषाणूचा, स्ट्रेन (उपप्रकार) शोधण्यावर पैसे घालवू नका. या विषाणूच्या स्ट्रेनमध्ये फरक असतात, आणि त्यातल्या काहींचा काही आजारांशी संबंध दिसलेला आहे, हे दोन्ही खरं आहे. पण त्या माहितीनं तुमच्या मुलाच्या औषधात, पथ्यात किंवा पुढच्या तपासण्यांत काडीचाही फरक पडणार नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन आठवडे ताप, थुंकीही गिळता येऊ नये इतका घसा सुजलेला, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. व्हीसीए आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी (उशिरा तयार होणारी अँटीबॉडी) निगेटिव्ह. याचा अर्थ एपस्टीन-बार विषाणूचा हा पहिलाच आणि ताजा संसर्ग, ज्याला इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस किंवा नुसतं मोनो म्हणतात. मग घरात कुणीतरी वाचलं की याच विषाणूच्या ठरावीक स्ट्रेनमुळे नाकामागचा कॅन्सर होतो, मेंदूचा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) होतो. परदेशातल्या भाच्यानं विषाणूचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या डीएनएचं अक्षर-अक्षर वाचन, करून घ्यायला सांगितलं. आणि धाकट्या बहिणीचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

निदान बरोबर आहे, रिपोर्ट एकमेकांशी जुळतात. ईबीएनएची आयजीजी अँटीबॉडी संसर्गानंतर दोन ते चार महिन्यांनी तयार होते आणि मग जन्मभर राहते. ती अजून नाही म्हणजे पाहुणा नवा आहे.

हा विषाणू किती सर्वत्र आहे ते लक्षात घ्या. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो कायमचा मुक्कामाला असतो. तुमच्या-माझ्याही असणारच. कांजिण्यांचा विषाणू आणि ओठावर जर उठवणारा विषाणू हे त्याचे भाऊबंद, सगळे हर्पीस कुळातले. लाळेतून येतो, बी-लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींत (बी-पेशींत) शिरतो आणि त्यातल्या स्मृतिपेशींत गुपचूप पडून राहतो. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो शाळेत जायच्या आधीच गाठतो. एकाच पेल्यानं पाणी पिणारी भावंडं, बाळाचे मुके घेणारी माणसं, एवढं त्याला पुरतं. त्या वयात तो साध्या सर्दीतापाच्या आड येऊन जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण पहिली भेट वयात आल्यावर झाली की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी खवळून उठतात. ताप, गाठी, थकवा हा बराचसा त्या खवळण्याचा परिणाम असतो. आमच्या लॅबमध्ये मोनोचे नमुने जास्त करून सुखवस्तू घरांतल्या कॉलेजवयीन मुलांचे येतात, त्याचं कारण हेच. बालपण स्वच्छ गेलं, विषाणू उशिरा भेटला. त्यामुळे ‘आजार एवढा जोरात आला म्हणजे स्ट्रेन जहाल असणार’ हा तुमच्या घरातला तर्क सोडून द्या. मोनोचा जोर ठरतो तो मुख्यतः वयावर.

आता स्ट्रेनकडे येतो. इथे थोडा वेळ थांबावं लागेल, कारण नेटवरचा बहुतेक गोंधळ इथलाच आहे.

या विषाणूची कथा सुरू होते तीच मुळी नकाशावर. डेनिस बर्किट हे सर्जन युगांडात काम करत होते. लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका विचित्र गाठीचं वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं. मग आफ्रिकेत हिंडून हिंडून ही गाठ कुठे दिसते आणि कुठे नाही याची नोंद केली, तेव्हा पाऊस आणि उष्णता जास्त असलेला, म्हणजे मलेरियाचा पट्टा उमटला. १९६१ मध्ये लंडनला त्यांचं व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टीन यांनी त्या गाठींचे नमुने मागवले, आणि १९६४ मध्ये एपस्टीन, बर्ट अचॉन्ग आणि इव्हॉन बार यांनी त्या पेशींत हा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. मग कोडं उभं राहिलं. विषाणू तर जगभर आहे, मग गाठ फक्त त्याच पट्ट्यात का? दक्षिण चीनमध्ये नाकामागचा कॅन्सर का? आणि आपल्याकडे यातलं काहीच फारसं का नाही? तिथला विषाणूच वेगळा असेल, ही शंका साहजिक होती.

ती तपासायची तर विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचायला हवा. साधारण १,७२,००० अक्षरांचा हा डीएनए १९८४ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला, बी९५-८ नावाच्या स्ट्रेनचा. गंमत अशी की माकडाच्या पेशींत वाढवलेल्या या स्ट्रेनमधून सुमारे १२,००० अक्षरांचा तुकडाच गळालेला होता, म्हणजे सगळ्या जगानं तुलनेसाठी धरलेली मूळ प्रत थोडी लंगडी होती. तरी तिच्यावर पुष्कळ काम झालं. एक ठळक फरक समोर आला, टाइप १ आणि टाइप २ चा. तो मुख्यतः ईबीएनए२ आणि ईबीएनए३ या जनुकांत आहे. टाइप १ प्रयोगशाळेत बी-पेशींना अमर करण्यात, म्हणजे न थांबता वाढत ठेवण्यात, जास्त पटाईत असतो, आणि त्यातला बराच वाटा ईबीएनए२ मधल्या एकाच अमिनो आम्लाचा असल्याचं २०१४ मध्ये दाखवलं गेलं. टाइप २ आफ्रिकेत आणि पापुआ न्यू गिनीत भरपूर सापडतो. आशियात मुख्यतः टाइप १ असतो, तेव्हा तुमच्या मुलाला कोणता, हे पैजेवर सांगायचं झालं तर मी टाइप १ च सांगेन. या एवढ्याला चाचणीही लागत नाही.

कोविडनंतर स्ट्रेन म्हटलं की लोकांना डेल्टा आठवतो, दर चार महिन्यांनी नवा अवतार. ईबीव्ही तसा नाही. तो डीएनए विषाणू आहे, प्रत काढताना स्वतःच्या चुका दुरुस्त करतो आणि बदलतो तो फार सावकाश. त्याचे फरक पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरात, आईकडून मुलाकडे सरकत त्या-त्या प्रदेशात साचलेले असतात. म्हणून ईबीव्हीचा स्ट्रेन मुख्यतः पत्ता सांगतो. हा विषाणू कुठल्या मुलखातला, ते.

आणि फसगत होते ती इथेच. समजा मी नागपुरातल्या अपघातग्रस्त गाड्यांची यादी केली. बहुतेकींवर एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ नंबर निघेल. मग मुंबईच्या धडधाकट गाड्या पाहिल्या, तर तिथे हे नंबर जवळपास नाहीतच. यावरून ‘एमएच ३१ नंबरामुळे अपघात होतो’ असं लिहिलं तर तुम्ही हसाल. तुलना करायची ती त्याच वर्धा रोडवरच्या, अपघात न झालेल्या गाड्यांशी.

ईबीव्हीत असं प्रत्यक्षात घडलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी रुग्णांच्या गाठींतल्या विषाणूत एलएमपी१ या जनुकातली ३० अक्षरं गळालेली सापडली. एलएमपी१ हे पेशीला वाढीसाठी ढोसणारं जनुक, तेव्हा कॅन्सरचा स्ट्रेन सापडला असंच वाटलं. बी९५-८ मध्ये तो बदल नव्हता, म्हणून संशय आणखी पक्का झाला. पुढे त्याच मुलखातल्या निरोगी माणसांची लाळ आणि रक्त तपासलं, तर तो बदल त्यांच्यातही तितकाच सर्रास निघाला. तो तिथला नंबरप्लेट होता. तरीही या तीस अक्षरांना कॅन्सरचा स्ट्रेन ठरवणारं लिखाण आजही फिरत असतं, आणि तुमच्या भाच्यानं पाठवलेल्या लेखातही तेच आहे.

पण सगळंच पत्त्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. भरभक्कम पुरावाही आहे, तोही सांगतो. २०१९ मध्ये दक्षिण चीनमधल्या संशोधकांनी तुलना नीट केली. रुग्ण आणि निरोगी माणसं त्याच प्रदेशातली घेतली आणि विषाणूचे अख्खे जीनोम वाचले. बीएएलएफ२ नावाच्या जनुकातले काही बदल रुग्णांमध्ये स्पष्टपणे जास्त आढळले. दक्षिण चीनमधल्या या कॅन्सरच्या एकूण धोक्यातला ८३ टक्के वाटा या बदलांशी जोडता येतो, असा त्यांचा हिशोब आहे. विषाणू नव्या प्रती काढतो तेव्हा डीएनएच्या सुट्या धाग्याला धरून ठेवणारं प्रथिन बीएएलएफ२ बनवतं, तेव्हा संशय घ्यायला जैविक आधारही आहे. त्याआधी २०१३ मध्ये हाँगकाँगच्या एका रुग्णाच्या गाठीतल्या एम८१ या स्ट्रेनवर काम झालं होतं. तो बी-पेशींत गुपचूप पडून राहण्याऐवजी सारखा जागा होऊन प्रती काढतो आणि नाका-घशाच्या अस्तराच्या पेशींत सहज शिरतो. म्हणजे स्ट्रेनचा स्वभाव वेगळा असू शकतो हे पेशींच्या पातळीवरही दिसलेलं आहे.

केनियातही त्याच भागातल्या निरोगी मुलांशी तुलना केल्यावर बर्किट लिंफोमाच्या, म्हणजे बर्किटनी वर्णन केलेल्या त्या गाठीच्या, रुग्णांत टाइप १ जास्त निघाला. ही अशी तुलना असली की माझा विश्वास बसतो.

मग ८३ टक्के हा आकडा वाचून घाबरायचं का? नाही, आणि त्याची कारणं नीट समजून घ्या. धोक्याचा म्हटला जाणारा तो बदल तिथल्या कितीतरी निरोगी लोकांच्या अंगातही आहे आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. सर्वाधिक ग्रस्त भागांतसुद्धा वर्षाला लाख पुरुषांमागे वीस-तीस जणांच्या आसपास हा कॅन्सर होत आलेला आहे. जगाच्या बहुतेक भागांत हेच प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. शिवाय स्ट्रेन एकटा काही करत नाही. माणसाची एचएलए जनुकं (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकं), लहानपणापासून खाल्लेली खारवलेली मासळी, तंबाखूचा धूर, हे सगळं जुळून यावं लागतं. आफ्रिकेत जुळून येणारी गोष्ट म्हणजे मलेरिया. आणि मुख्य म्हणजे तो धोक्याचा स्ट्रेन तिकडच्याच मातीत वाढलेला आहे. भारतात नाकामागचा कॅन्सर ठळकपणे दिसतो तो ईशान्येत, नागालँड आणि मणिपूरकडे. विदर्भात तो दुर्मिळ आहे.

इथे जरा विषयांतर करतो. नागपुरातल्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत रोज दिसणारा कॅन्सर तोंडाचा आहे, आणि त्याचं कारण खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, पन्नीत आहे. मुलगा हॉस्टेलच्या पोरांसोबत टपरीवर उभा राहत असेल तर आधी ती चौकशी करा. सिक्वेन्सिंगपेक्षा ती कितीतरी जास्त उपयोगाची आहे, आणि फुकट आहे.

एमएसबद्दल तुम्ही विचारलंत. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात ९५५ जणांना पुढे एमएस झाला, आणि ईबीव्हीच्या संसर्गानंतर त्याचा धोका ३२ पट वाढल्याचं दिसलं. हा अभ्यास चांगला आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तो सांगतो ते संसर्ग होण्याबद्दल, स्ट्रेनबद्दल नाही. ठरावीक स्ट्रेनमुळेच एमएस होतो असं ठामपणे कुणालाही दाखवता आलेलं नाही. लपवून ठेवण्यापेक्षा हेही सांगतो, की ज्यांना मोनो झालेला असतो त्यांच्यात एमएसचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट दिसतं. मात्र मुळात अगदी छोट्या असलेल्या आकड्याची दुप्पट छोटीच राहते, आणि आपल्याकडे एमएस पाश्चात्त्य देशांच्या मानानं बराच कमी आहे. त्यासाठी आज एमआरआय करायची काही गरज नाही.

एका दुर्मिळ आजारात मात्र विषाणूच्या जीनोमकडे मी कुतूहलानं बघतो. क्रॉनिक ॲक्टिव्ह ईबीव्ही, मुख्यतः जपान आणि पूर्व आशियात. महिनोन् महिने ताप, वाढलेलं यकृत, रक्तात विषाणूचं प्रमाण प्रचंड. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांच्या विषाणूत जीनोमचे मोठे तुकडेच गळालेले दाखवले, त्यात प्रती काढायला लागणारी जनुकंही होती. हे बदल बाहेरून आलेल्या स्ट्रेनचे असण्यापेक्षा रुग्णाच्या पेशींतच घडलेले असावेत. तुमच्या मुलाचा ताप उतरलेला आहे, त्याच्या बाबतीत हा विचार करायचं कारण नाही.

आता चाचणीबद्दल, कारण भाच्याला ती सोपी वाटते. टाइप १ की २ एवढंच बघायचं असेल तर ईबीएनए३सी जनुकाचा पीसीआर करता येतो. टाइप १ चा तुकडा १५३ अक्षरांचा येतो, टाइप २ चा २४६ चा, जेलवर दोन्ही वेगळे दिसतात. संशोधनाच्या लॅबमध्ये हे रोजचं काम आहे. पण अख्खा जीनोम रक्तातून वाचणं कटकटीचं असतं. संसर्ग शांत झाल्यावर दहा लाख बी-पेशींमागे एक ते पन्नास पेशींतच विषाणू असतो, बाकी सगळा डीएनए माणसाचा. विषाणूचा डीएनए आधी गळ टाकून वेगळा काढावा लागतो. त्यात एकच तुकडा पुन्हा पुन्हा येणारे भाग आहेत, ते जुळवताना संगणकही गडबडतो. आणि एका माणसात एकाहून जास्त स्ट्रेन असू शकतात, लाळेत एक आणि रक्तात दुसरा असंही दिसलेलं आहे. एवढं करून हातात येणाऱ्या रिपोर्टवर कुठलाही डॉक्टर तुम्हाला वेगळं काही करायला सांगू शकत नाही.

विषाणूच्या चाचण्या उपयोगी पडतात त्या वेगळ्या. हाँगकाँगमध्ये सुमारे वीस हजार पुरुषांच्या रक्तात ईबीव्हीचा डीएनए किती आहे ते मोजलं, आणि सापडलेल्या नाकामागच्या कॅन्सरपैकी ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात पकडले गेले. एरवी ते प्रमाण २० टक्के असायचं. हा अभ्यास २०१७ चा आहे. तिथे मोजली होती ती मात्रा, आणि तीही ज्या मुलखात आजार जास्त आहे तिथे. नागपुरात सरसकट असं करण्यात अर्थ नाही. आपल्या उपयोगाची दुसरी चाचणी म्हणजे बायॉप्सीवर केली जाणारी ईबर. भारतातल्या लहान मुलांच्या हॉजकिन लिंफोमात (लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरात) ईबीव्ही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त वेळा सापडतो, तिथे पॅथॉलॉजिस्टला ती मदत करते. तीही स्ट्रेन सांगत नाही. गाठीतल्या पेशींत विषाणू आहे की नाही, एवढंच सांगते.

मुलाचं सध्या काय करायचं ते सांगतो. आराम, पाणी, तापासाठी पॅरासिटामॉल. असायक्लोव्हिर देऊन आजार लवकर बरा होत नाही, कुणी लिहून दिलं तर का ते विचारा. घसादुखीसाठी ॲमॉक्सिसिलिन मागून घेऊ नका. मोनोत त्यानं अंगभर लाल पुरळ उठू शकतो, आणि मग घरचे त्याला जन्मभरासाठी पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगत फिरतात. यकृताचे आकडे थोडे वाढलेले असतील, ते आपोआप उतरतात. खरी काळजी घ्यायची ती प्लीहेची. ती सुजलेली असते आणि मार लागला तर फाटू शकते. आजार सुरू झाल्यापासून निदान तीन-चार आठवडे क्रिकेट, कबड्डी, जिम, गाडीवरून खड्ड्यांतली भटकंती, सगळं बंद. नंतरही डॉक्टरांनी पोट तपासल्यावरच सुरू करा. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली, चक्कर आली, तर वाट न बघता मेडिकल, मेयो (नागपुरातली सरकारी रुग्णालयं) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तरी तेच.

मानेच्या गाठी सावकाश जिरतात. महिन्या-दीड महिन्यानंतरही एखादी वाढतच असेल, दगडासारखी कडक लागत असेल, किंवा वजन घटत असेल, रात्री घामानं कपडे भिजत असतील, ताप परत येत असेल, तर गाठीची तपासणी करून घ्या. थकवा काही आठवडे राहील. सेमिस्टरची परीक्षा जवळ असेल तर कॉलेजला आत्ताच कळवून ठेवा.

धाकट्या मुलीला वेगळ्या खोलीत ठेवू नका, ताटही वेगळं करू नका. तुमच्या मुलाच्या लाळेत विषाणू कित्येक महिने येत राहील, पुढेही अधूनमधून येईल, तेवढे दिवस कुणी वेगळं राहू शकत नाही. शिवाय तिला तो लहानपणीच येऊन गेला असण्याची शक्यता मोठी आहे. उष्टा पेला आणि ब्रश तेवढा वाटून घेऊ नका. तिला काही त्रास नसताना रक्त तपासायची गरज नाही, आणि मुलाचं आयजीएमही पुन्हा पुन्हा करू नका. ते काही महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, आणि दर वेळी तुम्ही उगाच घाबराल.